राळेतून अंबर: घडण, शोध आणि जतन

अंबर म्हणजे झाडाच्या राळेचा जीवाश्म. जवाहिऱ्याकडे ते रत्नांच्या रांगेत बसते, पण ते खनिज नव्हे. त्याला स्फटिकरचना नाही आणि ते दगडातून जन्मत नाही. मोती आणि पोवळे यांच्याप्रमाणे त्याचा उगम सजीवांत आहे. तृणमणी हे त्याचे जुने नाव. अत्तरवाले ज्या सुगंधी पदार्थाला अंबर म्हणतात आणि ज्याच्या तस्करीच्या बातम्या कोकण किनाऱ्यावरून अधूनमधून येत असतात, तो देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. त्याचा या राळेशी नावापलीकडे काही संबंध नाही.

झाडातून बाहेर येणारा प्रत्येक चिकट पदार्थ राळ नसतो. बाभळीचा डिंक शर्करावर्गातला. पाण्यात टाकला की विरघळतो. खोडातून वर चढणारा जीवनरस म्हणजे तर बव्हंशी पाणीच. या दोहोंपासून अंबर कधीच होत नाही. राळ टर्पीन वर्गातील संयुगांची बनलेली असते आणि पाण्याला दाद देत नाही. फांदी मोडली, खोडकिड्याने भोक पाडले किंवा आगीने साल फुटली की झाड जखमेवर राळ ओतते. ती वाळून घट्ट होते आणि बुरशी व जंतू यांची वाट अडते. पाइनसारखे सूचिपर्णी वृक्ष राळेबद्दल प्रसिद्ध आहेत, पण शेंगा धरणाऱ्या काही उष्णकटिबंधीय वृक्षांनाही ती भरपूर येते आणि आपल्याकडच्या साल वृक्षालाही. निखाऱ्यावर टाकून धूप करण्यासाठी बाजारात मिळणारी राळ बहुधा याच सालाची असते.

ताज्या राळेत दोन प्रकारचे रेणू असतात. हलके रेणू काही दिवसांत वा महिन्यांत उडून जातात. पाइनच्या बनात येणारा वास त्यांचाच. जड रेणू मागे राहतात. त्यांच्यातील दुहेरी बंध उघडून ते एकमेकांना जोडले जाऊ लागतात आणि हळूहळू मोठे जाळे विणले जाते. या सुरुवातीच्या जोडणीला हवा आणि प्रकाश यांची मदत होते. मात्र पुढे तीच हवा घातक ठरते. उघड्यावर पडलेली राळ ऑक्सिजनने ठिसूळ होते, तडकते, भुगा होऊन मातीला मिळते. जंगलात गळलेल्या राळेपैकी जवळजवळ सगळी अशीच संपते. जो थोडा भाग ओढ्या-नद्यांतून वाहत जाऊन खाडीच्या किंवा त्रिभुज प्रदेशाच्या गाळात लवकर पुरला जातो, तेवढाच टिकतो. राळ पाण्यापेक्षा अगदी थोडीच जड असल्यामुळे पाणी तिला सहज दूरवर नेते. म्हणून अंबर बऱ्याचदा ज्या जंगलात गळले तिथे न सापडता त्या काळच्या किनाऱ्याच्या गाळात आणि लिग्नाइट कोळशाच्या थरांत सापडते. गाळाखाली ऑक्सिजन पोचत नाही, वरच्या थरांचा दाब आणि जमिनीची ऊब मिळते आणि रेणूंचे जाळे लक्षावधी वर्षे घट्ट होत राहते. ऊब फार वाढली तर मात्र राळ वितळून आसपासच्या कोळशात जिरते. म्हणजे पुरणे खोल हवे, पण फार खोल नको.

अर्धवट घडलेल्या राळेला कोपल म्हणतात. कोपल आणि अंबर यांच्यात ठळक सीमारेषा नाही. बाजारात येणारे कोलंबिया आणि मादागास्कर येथील पुष्कळसे कोपल काही शतकांचे किंवा काही हजार वर्षांचेच असते. उलट टोकाला, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील कोळशात सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचे अंबराचे कण मिळाले आहेत, म्हणजे डायनोसॉर अवतरण्याच्याही कितीतरी आधीचे.

जगातील ज्ञात साठ्याचा बहुतांश भाग बाल्टिक समुद्राच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर आहे. हे अंबर साधारण साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचे असून त्यात सक्सिनिक आम्लाचे प्रमाण लक्षणीय असते. ते कोणत्या झाडाचे, यावर दीडशेहून अधिक वर्षे वाद चालू आहे. एकोणिसाव्या शतकात ते सरसकट एका लुप्त पाइनच्या नावावर जमा झाले होते. २००९ मध्ये रासायनिक तपासणीच्या आधारे जपानी छत्री-पाइनच्या कुळाकडे बोट दाखवण्यात आले. ‘पाइन’ हे नाव असले तरी ते कूळ वेगळे आहे.

बाल्टिक किनाऱ्यावर अंबर गोळा करण्याची सर्वांत जुनी रीत वादळाची वाट पाहण्याची. लाटा समुद्रतळाचा थर उकरतात, हलके तुकडे शेवाळ आणि लाकडाच्या कचऱ्यासोबत तरंगत येतात. थंडीतले समुद्रपाणी जास्त घन असल्याने तेव्हा ते अधिक सहज उचलले जातात. लोक कमरेइतक्या पाण्यात उतरून लांब दांड्याच्या जाळ्यांनी तो कचरा ओढून काढतात आणि वाळूवर पसरून निवडतात. अलीकडे हौशी शोधक रात्री अतिनील प्रकाशाची विजेरी घेऊन फिरतात. त्या प्रकाशात अंबर निळसर-पांढरे चमकते. या छंदात एक खरा धोका आहे. दुसऱ्या महायुद्धातील आगलाव्या बाँबमधील पांढऱ्या फॉस्फरसचे खडे जर्मनीच्या काही किनाऱ्यांवर आजही वाहून येतात आणि ते हुबेहूब अंबरासारखे दिसतात. ओले असेपर्यंत ते निरुपद्रवी भासतात. खिशात वाळले की शरीराच्या उबेने पेट घेतात. म्हणून सापडलेला खडा खिशात न ठेवता पत्र्याच्या डब्यात ठेवावा, असे तिथले प्रशासन सांगते.

या किनाऱ्यावरच्या अंबरावर सत्ता गाजवण्याचा इतिहासही मोठा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ते खुष्कीच्या मार्गाने एड्रियाटिक समुद्राजवळच्या अक्विलेया नगरात येई आणि तिथे कोरीवकाम होऊन रोमला जाई. नीरोच्या काळात एक सरदार खास अंबरासाठी उत्तरेला गेला आणि एवढा माल घेऊन आला की आखाड्याच्या जाळ्यांच्या गाठींतही अंबर बांधले गेले, अशी नोंद थोरल्या प्लिनीने केली आहे. हाच प्लिनी अंबर हे लिंक्स नावाच्या रानमांजराचे गोठलेले मूत्र असल्याच्या समजुतीची खिल्ली उडवतो आणि ते पाइनच्या जातीच्या झाडांपासून येते असे सांगतो. चोळल्यावर येणारा वास आणि आत दिसणारे कीटक हा त्याचा पुरावा होता. आजही त्यात चूक काढता येत नाही. पुढे तेराव्या शतकापासून ट्यूटॉनिक सरदारांनी किनाऱ्यावरचा सगळा माल आपला ठरवला. वेचणाऱ्यांना मोबदल्यात मीठ मिळे आणि चोरून ठेवणाऱ्याला फाशीची भीती असे.

खाणकाम मात्र एकोणिसाव्या शतकातले. स्टांटिन आणि बेकर या दोघांच्या कंपनीने १८६०च्या दशकात कुर्शियन खाडीचा तळ यंत्रांनी उपसला आणि पुढे पाल्मनिकेन येथे खाण खणली. तेच गाव आज रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतातील यांतार्नी. ग्लॉकोनाइट या खनिजामुळे हिरवट-निळसर दिसणाऱ्या ‘निळ्या माती’च्या थरात तिथे अंबर असते, वरची माती काढून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने थर फोडून आणि चाळून ते वेगळे करतात. युक्रेनच्या रिव्ने भागात याच तंत्राची चोरटी आवृत्ती चालली. पंपाने जमिनीत पाणी मारायचे आणि वर येणारे अंबर जाळीने उचलायचे. त्यापायी जंगलांचे मोठे पट्टे खड्ड्यांनी भरून गेले.

डोमिनिकन प्रजासत्ताकात पद्धत अगदी निराळी. तिथले अंबर दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीचे, शेंगाधारी हायमेनिया वृक्षाचे. डोंगरात अरुंद बोगदे खणून कामगार छिन्नी-हातोड्याने खडक फोडतात. सुरुंग लावला तर अंबराचाच चुरा होईल. पाऊस लागला की बोगदे पाण्याने भरतात आणि कोसळतात. निळे अंबर म्हणून जो प्रकार महाग विकला जातो तो मुख्यतः इथला. दिव्यासमोर धरला तर तो मधाच्या रंगाचाच दिसतो. उन्हात काळ्या पृष्ठभागावर ठेवला की निळी झाक उमटते.

भारताच्या ईशान्य सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन राज्यात हुकाँग खोरे आहे. तिथले अंबर सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले. ब्रिटिश अमदानीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रिट्झ नोएटलिंग यांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला या खाणींचा अहवाल लिहिला होता. २०१५ साली चीनचे जीवाश्मतज्ज्ञ शिंग लिडा यांना मितकिनाच्या बाजारात घासूनपुसून विक्रीला ठेवलेला एक खडा दिसला. विकणाऱ्याच्या मते आत एखादी वनस्पती होती. प्रत्यक्षात ती एका लहान डायनोसॉरची जेमतेम पावणेचार सेंटिमीटर लांबीची पिसांसह शेपटी निघाली. वरची पिसे तपकिरी, खालची फिकट. २०१६ मध्ये हे संशोधन जाहीर झाले. याच भागातील एक इवलीशी कवटी मार्च २०२०मध्ये सर्वांत लहान पक्ष्याची म्हणून ‘नेचर’मध्ये झळकली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तो लेख मागे घ्यावा लागला, प्राणी पक्षी नसून सरडावर्गातला होता. काचिनमधील सशस्त्र संघर्षाला या व्यापाराचा पैसा पोचतो, म्हणून तेथील नव्या नमुन्यांवर संशोधन करावे की नाही हा प्रश्नही २०२० पासून उघडपणे विचारला जातो. तो रास्त आहे. नमुना कितीही अपूर्व असला तरी तो कोणी, कोणत्या परिस्थितीत खणला हे विचारलेच पाहिजे.

भारतातील सर्वांत महत्त्वाचा शोध महाराष्ट्राच्या शेजारी लागला. सुरतेच्या ईशान्येला वस्तान येथे लिग्नाइटची उघडी खाण आहे. कोळसा काढताना त्यात पिवळसर-तपकिरी खडे मिळत. वीज केंद्राच्या भट्टीत ते कोळशासोबत जळून जात असणार. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. लखनौची बिरबल साहनी संस्था, जर्मनीतील बॉन विद्यापीठ आणि अमेरिकेतील संशोधक यांनी मिळून १५० किलोहून अधिक अंबर तपासले आणि ७००हून अधिक संधिपाद प्राणी त्यातून नोंदवले. मधमाश्या, मुंग्या, वाळवी, माश्या, कोळी असे सगळे त्यात होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने दोन गोष्टींना धक्का दिला.

पहिली गोष्ट जंगलाची. वस्तानच्या राळेची रासायनिक घडण डिप्टेरोकार्प कुळाकडे, म्हणजे सालाच्या कुळाकडे निर्देश करते. आग्नेय आशियाची आजची वर्षावने याच कुळाच्या उंच वृक्षांनी भरलेली आहेत. ती वने फार जुनी नसावीत असा समज होता. गुजरातेत ५ कोटी वर्षांपूर्वी तसे जंगल उभे होते हे या राळेने दाखवले. हे कूळ भारतातूनच आशियात पसरले असावे, या मताला त्यामुळे बळ मिळाले. या राळेच्या रसायनावर मुंबईच्या आयआयटीतील भूवैज्ञानिकांनीही काम केले आहे.

दुसरी गोष्ट भूखंडाची. भारतीय भूखंड गोंडवनातून सुटून आशियाला भिडेपर्यंत कोट्यवधी वर्षे समुद्रात एकटा सरकत होता. इतक्या काळात त्यावरचे कीटक जगावेगळे व्हायला हवे होते, जसे आज मादागास्करचे प्राणी आहेत. वस्तानच्या अंबरात तसे काही दिसले नाही. कित्येक कीटकांचे जवळचे नातलग युरोपच्या बाल्टिक अंबरात, आशियात, इतकेच काय अमेरिकेतही निघाले. अर्थात टक्कर होण्याच्या सुमारास किंवा त्याआधीच बेटांच्या साखळ्यांवरून जीवांची ये-जा सुरू झाली असली पाहिजे. खडकांच्या अभ्यासातून हे सहजी कळले नसते. त्यासाठी डासाएवढे जीव लागले.

वस्तानच्या अंबराचा आणखी एक गुण संशोधकांना फार उपयोगी पडला. त्याचे रेणू बाल्टिक अंबराइतके घट्ट जोडलेले नाहीत, त्यामुळे ते सेंद्रिय द्रावकांत विरघळते आणि आतला कीटक अखंड बाहेर काढता येतो. बहुतेक अंबरांत हे शक्य नसते. अंबरातला कीटक बाहेरून जिवंतासारखा दिसला तरी पुष्कळदा तो आतून पोकळ असतो; शरीराच्या पृष्ठभागाचा पातळ पापुद्रा तेवढा उरतो. दुधी किंवा काळपट खड्यात तर नजर पोचतच नाही. तिथे सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांचा उपयोग होतो. फ्रान्समधील शारांत भागातील ६४० अपारदर्शक तुकड्यांत २००८ मध्ये या पद्धतीने ३५६ प्राणी सापडले.

राहता राहिला डीएनए. १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’ हा चित्रपट आला आणि त्याच वर्षी लेबनॉनच्या अंबरातील भुंग्याचा डीएनए मिळाल्याचा दावाही झाला. पुढे असे दावे दुसऱ्या कुठल्याच प्रयोगशाळेत पुन्हा साधले नाहीत. २०१३ मध्ये कोपलमधील मधमाश्या तपासल्या गेल्या, त्यांतील एक तर शंभर वर्षांचीही नव्हती. तिच्यातही प्राचीन डीएनए मिळाल्याचा भरवशाचा पुरावा नव्हता. राळ आकार जपते, रसायन फारसे नाही.

मागणी आली की नक्कल आलीच. कोपल, काच, सेल्युलॉइड, बेकेलाइट, पॉलिएस्टर हे सगळे अंबर म्हणून विकले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बारीक तुकडे उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेले ‘दाबीव अंबर’ही मिळते; ते खोटे नाही, पण अखंड खड्याच्या भावाने विकले तर फसवणूक आहे. दुधी खडा तेलात तापवून पारदर्शक करतात, तेव्हा आत चकत्यांसारख्या चमकदार भेगा उमटतात. ग्राहकांना त्या आवडतात आणि नैसर्गिक वाटतात; बहुतेक वेळा त्या भट्टीच्या असतात.

घरी करता येण्याजोगी सर्वांत निरुपद्रवी चाचणी मिठाच्या पाण्याची. पाण्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घालावे; सुटे अंबर त्यात तरंगते, काच आणि बहुतेक प्लास्टिक बुडते. कोपलही तरंगते, त्यामुळे ते यातून ओळखू येत नाही. त्यावर ॲसिटोनचा थेंब टाकला तर पृष्ठभाग चिकट होतो, पण ही परीक्षा दिसणार नाही अशा जागीच करावी. तापलेली सुई टोचण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो डाग कायम राहतो, म्हणून तो न ऐकलेला बरा. खात्री हवी असेल तर अवरक्त वर्णपटाची तपासणी. बाल्टिक अंबराचा आलेख त्यात एका ठरावीक वळणामुळे लगेच ओळखू येतो.

चांगल्या चांगल्या तज्ज्ञांनाही नक्कल कशी चकवते याचे उदाहरण लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. बाल्टिक अंबरातील एक माशी तिथे १९२२ मध्ये जर्मन कीटकतज्ज्ञ हेर्मान लोव यांच्या संग्रहातून आली. शौचकूपांभोवती आढळणाऱ्या आजच्या एका जातीशी ती तंतोतंत जुळत होती आणि ही जात कोट्यवधी वर्षे तसूभरही बदलली नाही, असा निष्कर्ष १९६६ मध्ये एका नामवंत शास्त्रज्ञाने काढला. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस हे नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असताना दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती एक भेग उमटली. खडा मधोमध कापून, एक अर्धा कोरून, त्यात माशी बसवून पुन्हा चिकटवलेला होता. अंबर अस्सल, माशी एकोणिसाव्या शतकातली.

जपणुकीचा सगळा प्रश्न अंबराच्या घडणीतून येतो. गाळाखाली ज्या हवेपासून, प्रकाशापासून ते लक्षावधी वर्षे वाचले, त्यांच्याशी खाणीतून निघताक्षणी पुन्हा गाठ पडते. पृष्ठभाग ऑक्सिजनने हळूहळू काळवंडतो, लालसर होतो, बारीक तड्यांचे जाळे पसरते आणि शेवटी कपच्या सुटू लागतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण ही क्रिया वेगाने घडवतात. म्हणून दागिना खिडकीत, दुकानाच्या दिव्याखाली किंवा समईच्या शेजारी ठेवू नये. मुंबईसारख्या हवेत पावसाळ्याची दमट हवा आणि वातानुकूलित खोलीचा कोरडेपणा यांत रोजची येरझार झाली तर भेगा लवकर पडतात. हवेतील आर्द्रता स्थिर राहणे महत्त्वाचे.

अंबर नखाइतकेच कठीण असते. घरातल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते त्यापेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसले की तेच कण ओरखडे काढतात. आधी धूळ फुंकून किंवा मऊ ब्रशने झटकावी, मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थेंब घालून मऊ कापडाने हलके पुसावे आणि लगेच कोरडे करावे. चांदीच्या कोंदणासाठी म्हणून चिंच, दंतमंजन, खाण्याचा सोडा किंवा चांदी बुडवण्याचे द्रावण अंबराला लावू नये. सराफाकडे वाफेचे किंवा श्राव्यातीत लहरींचे सफाईयंत्र असते, ते यासाठी नको असे आधीच सांगावे. अत्तर, केसांचा फवारा, नेलपॉलिश काढण्याचे द्रावण यांतील अल्कोहोल आणि ॲसिटोन पृष्ठभाग निस्तेज करतात. माळ सगळ्यांत शेवटी घालावी आणि सर्वांत आधी काढावी. ती ओवताना दोन मण्यांमध्ये गाठ असावी, म्हणजे मणी एकमेकांवर घासत नाहीत. ठेवायची ती वेगळ्या मऊ पिशवीत, हिरे-माणकांच्या दागिन्यांपासून दूर.

दात येणाऱ्या बाळांच्या गळ्यात अंबराची माळ घालण्याची टूम अलीकडे आली आहे. अंबरातले सक्सिनिक आम्ल त्वचेतून शिरून वेदना शमवते, या दाव्याला आधार नाही. गळफास बसण्याचा किंवा मणी घशात अडकण्याचा धोका मात्र प्रत्यक्ष आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला.

संग्रहालयांत जीवाश्म असलेले अंबर अंधाऱ्या कपाटात, थंड जागी आणि साधारण ५० टक्के स्थिर आर्द्रतेत ठेवतात. ठिसूळ नमुने निर्वात पात्रात इपॉक्सीत बुडवून बंदिस्त करतात; इपॉक्सी भेगांत शिरते, हवा अडते आणि भेगांचा चमचमाट जाऊन आतला कीटकही स्पष्ट दिसतो. ही इपॉक्सी काही दशकांनी स्वतःच पिवळी पडते आणि नमुन्याला इजा न करता काढता येत नाही, म्हणून ती सरसकट न वापरता ज्यांना भेगा पडू लागल्या आहेत त्यांच्यापुरती राखून ठेवतात. प्रत्येक तुकड्यासोबत खाण, थर आणि मिळाल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी आम्लरहित कागदावर असते. ती हरवली तर खडा दागिन्याच्या कामाचा उरतो, अभ्यासाच्या नाही.